जीसीपीचं सर्टिफिकेट सगळ्यांकडे आहे, मग बायोएथिक्सच्या ट्रेनिंगमध्ये शिकवायचं काय?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा : महापे इथल्या एका मध्यम आकाराच्या औषध कंपनीत तुम्ही ट्रेनिंग सांभाळता. क्लिनिकल रिसर्च, फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा विभाग), क्यूसी-क्यूए (दर्जाची तपासणी आणि हमी) आणि फील्डवरची मंडळी धरून साठेक माणसं आहेत. मार्च संपायच्या आत सगळ्यांचं बायोएथिक्सचं (वैद्यकीय नीतिमत्तेचं) ट्रेनिंग झालं पाहिजे, असं वरून आलंय. जीसीपीचं, म्हणजे औषधांच्या माणसांवरच्या चाचण्या (ट्रायल) कशा चालवायच्या या नियमांचं, ऑनलाइन सर्टिफिकेट बहुतेकांकडे आहे. एक दिवस हॉल घेतला, बाहेरून वक्ता बोलावला आणि शेवटी वीस प्रश्नांची चाचणी घेतली तर चालेल का? आणि चालणार नसेल तर नेमकं शिकवायचं काय?

कागदोपत्री चालेल, कामाला येणार नाही. नियम तुमच्या लोकांना बऱ्यापैकी माहीत असतात. अडचण येते ती संध्याकाळी सहाच्या सुमारास, कंपनीची बस सुटायच्या बेतात असताना. रुग्ण सही करायला तयार आहे, पण त्याला काय समजलंय याची खात्री वाटत नाही. बॅचचा निकाल मर्यादेबाहेर आलाय आणि माल उद्या निघायचाय. डॉक्टरांनी बोलता बोलता एका पेशंटला अंगभर पुरळ आल्याचं सांगितलं आणि एमआरला, म्हणजे कंपनीच्या विक्री प्रतिनिधीला, पुढच्या कॉलला उशीर होतोय. अशा वेळी माणूस थांबतो की पुढे जातो, यावर काम करणारं ट्रेनिंग तुम्हाला हवंय. थांबलेल्या माणसाच्या मागे कंपनी उभी राहते का, हा प्रश्नही त्याच ट्रेनिंगचा भाग आहे. तो वगळला तर बाकीचं सगळं भाषण होतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. तुमची कंपनी स्वतः ट्रायलची प्रायोजक आहे, की दुसऱ्यांसाठी बायोइक्विव्हलन्स अभ्यास (दोन औषधं शरीरात सारखीच पोहोचतात का याची, बहुधा निरोगी माणसांवर केलेली तपासणी) करते, की फक्त उत्पादन आणि विक्री करते, यावर वेळेची वाटणी बदलते. प्राण्यांवरचे प्रयोग होत असतील तर त्यांची प्राणी-नैतिकता समिती आणि तिचे नियम हा स्वतंत्र विषय आहे, तो या ट्रेनिंगमध्ये कोंबू नका. पुढचं सगळं मी तुम्ही दिलेल्या चार विभागांना धरून लिहिते आहे.

आधी जीसीपी आणि बायोएथिक्समधला फरक, कारण व्यवस्थापन हाच प्रश्न पहिला विचारेल. जीसीपी सांगतं की संमती कोणत्याही तपासणीच्या आधी घ्या, सही आणि तारीख रुग्णाने स्वतः घालावी, एक प्रत त्याला द्या. हे सगळं बिनचूक करूनही संमती पोकळ असू शकते. कळव्याच्या किंवा नेरुळच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत दोन तास रांगेत बसलेला माणूस म्हणतो, ‘डॉक्टर, तुम्ही सांगाल तसं.’ सही होते, तारीख होते, ऑडिटला एकही शेरा येत नाही. आपल्याला नेहमीचे उपचार मिळणार नसून आपण संशोधनात भाग घेतोय आणि नाही म्हटलं तरी इथले उपचार थांबणार नाहीत, हे त्याला कळलेलंच नसतं. ऑडिट कागद तपासतं. हे न कळणं कागदावर उमटत नाही, म्हणून त्याचं वेगळं शिक्षण लागतं. जीसीपी चालू ठेवाच. आयसीएच ई-६ या जीसीपीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीची तिसरी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये अंतिम झाली, तेव्हा जुन्या आवृत्तीवरची सर्टिफिकेटं याच निमित्ताने नवी करून घ्या.

आता रचना. साठ माणसं एका हॉलमध्ये बसवू नका. विभागप्रमुख समोर असताना ज्युनिअर केमिस्ट ‘मी निकाल परत काढला होता’ असं कधीच बोलणार नाही. बारा ते पंधराचा गट करा आणि प्रमुखांचा गट वेगळा ठेवा. त्यांचं सत्र सगळ्यात आधी घ्या, म्हणजे खालून प्रश्न वर येतील तेव्हा त्यांना ते नवे नसतील. प्रत्येकासाठी चार बैठका पुरतात : पहिली दीड तासाची, सगळ्या विभागांची मिसळ करून. दुसरी आणि तिसरी दोन-दोन तासांची, विभागवार. चौथी एक तासाची, महिन्याभराने. बेरीज साडेसहा तास होते, म्हणजे व्यवस्थापनाने दिलेल्या एका दिवसापेक्षा जास्त नाही. हे गणित मांडलं की मंजुरी सहसा मिळते. बैठका जनरल शिफ्टच्या आत घ्या, जेवणानंतरचा पहिला तास टाळा आणि चर्चा मराठी-हिंदीतच होऊ द्या. इंग्रजी स्लाइड समोर असली की फक्त इंग्रजीत सराईत असलेले तिघे-चौघे बोलतात, आणि रुग्णाशी रोज बोलणारी कोऑर्डिनेटर गप्प बसते.

पहिल्या बैठकीत इतिहासाची जंत्री नको. न्यूरेंबर्ग १९४७, हेलसिंकी १९६४, बेलमाँट १९७९ हे माणसांवरच्या संशोधनाच्या नीतिनियमांचे टप्पे दहा मिनिटांत सांगून मोकळं व्हा. स्वायत्तता, हित, अहित टाळणं आणि न्याय ही चार तत्त्वं फळ्यावर लिहा आणि तिथेच राहू द्या. उरलेला वेळ दोन-तीन घटनांना द्या, पण त्या पूर्ण सांगू नका. निर्णयाच्या जागी थांबा आणि गटाला विचारा.

मी यासाठी २००६ ची लंडनची घटना वापरते. टीजीएन १४१२ नावाचं औषध माणसाला पहिल्यांदाच दिलं जात होतं. आठ निरोगी स्वयंसेवक होते, सहा जणांना औषध आणि दोघांना प्लासिबो (तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं). डोस प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या डोसच्या पाचशेव्या भागाइतका होता. प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) मंजूर होता, नैतिकता समितीची परवानगी होती. एकामागून एक, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने औषध द्यायचं ठरलं. इथे थांबा आणि विचारा : कागदावर काही चुकलंय का? बहुतेक गट ‘नाही’ म्हणतात. मग पुढचं सांगा : पहिल्या माणसाला त्रास साधारण तासाभराने सुरू झाला, आणि तोवर जवळपास सगळ्यांना औषध देऊन झालेलं होतं. सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागले, सगळ्यांना अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. सुदैवाने सहाही वाचले. आता खरा प्रश्न विचारा : ‘दहा मिनिटंच का?’ हे त्या खोलीत कोण विचारू शकलं असतं? नर्स? फार्मासिस्ट? तुमच्या कंपनीत तसं विचारणाऱ्याला काय उत्तर मिळेल? इथे गट खऱ्या अर्थाने बोलू लागतो. पहिल्या व्यक्तीला औषध देऊन पुरेसा वेळ वाट पाहायची, मगच पुढच्यांना द्यायचं, ही पद्धत त्यानंतर अशा अभ्यासांमध्ये रुजली. तिच्यासाठी मोठं विज्ञान लागत नाही, घाई सोडावी लागते.

दुसरी घटना आपल्याकडची. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातलं खम्मम आणि गुजरातमधलं वडोदरा इथे दहा ते चौदा वयाच्या मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. मुलींचे मृत्यू झाले, म्हणून तो थांबवला गेला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण पालकांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डननी संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या, हे उघड झालं आणि संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. ही घटना मुद्दाम निवडावी, कारण इथे लस दोषी ठरली नाही आणि तरीही प्रक्रिया चुकलेली होती. ‘शेवटी काही झालं नाही ना’ हा युक्तिवाद क्यूसीपासून विक्रीपर्यंत सगळीकडे चालतो. त्याला उत्तर द्यायला ही घटना उपयोगी पडते.

आता क्लिनिकलच्या मंडळींच्या दोन बैठका. इथे सगळ्यात जास्त वेळ संमतीला द्या. तुमचंच, सध्या चालू असलेल्या अभ्यासाचं मराठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र घ्या. एकाने ते मोठ्या आवाजात वाचायचं आणि बाकीच्यांनी जिथे अडखळायला होतं तिथे पेन्सिलीने खूण करायची. वाचायला किती मिनिटं लागली ते लिहा. मग केंद्रावरच्या नोंदींत संमती प्रक्रियेची सुरुवात आणि शेवट किती वाजता लिहिलाय ते काढा. नुसतं वाचायलाच पस्तीस मिनिटं लागत असतील आणि नोंदीत सगळी प्रक्रिया पंधरा मिनिटांत उरकलेली दिसत असेल, तर गटाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

त्यानंतर चौघांचा सराव : एक कोऑर्डिनेटर, एक सहभागी, एक निष्पक्ष साक्षीदार, एक निरीक्षक. सहभागी म्हणून ठोस माणूस उभा करा. कोपरखैरण्याचा माथाडी कामगार, वय पंचेचाळीस, मधुमेह, सातवीपर्यंत शाळा, सोबत मोठा भाऊ आलाय आणि सगळी उत्तरं तोच देतोय. किंवा दिघ्याची घरकाम करणारी बाई, जिला दुपारी दोनला मुलीला शाळेतून आणायचंय. पंचवीस मिनिटं द्या. ‘समजलं ना?’ हा प्रश्न विचारायला बंदी. त्याऐवजी कोऑर्डिनेटरने सहा गोष्टी सहभागीच्या तोंडून काढायच्या : हे संशोधन आहे की नेहमीचा उपचार, मला कोणतं औषध मिळेल हे आधी ठरलंय का, यात त्रास काय होऊ शकतो, किती वेळा यावं लागेल आणि किती रक्त जाईल, मधेच सोडलं तर काय होईल, रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा. सहापैकी एकाचंही उत्तर चुकलं तर सही नाही, तेवढा भाग परत समजवायचा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त चुकतं, हे लक्षात ठेवा. पांढरा कोट, रुग्णालयाची इमारत आणि फुकट तपासण्या यांमुळे माणसाला हा उपचारच वाटतो, आणि तो तसाच वाटू देणं कोऑर्डिनेटरला सोयीचं पडतं.

साक्षीदाराबद्दल गट नेहमी ढिला असतो. सहभागी किंवा त्याचा कायदेशीर प्रतिनिधी वाचू-लिहू शकत नसेल तर निष्पक्ष साक्षीदार पूर्ण प्रक्रियेभर हजर हवा, फक्त अंगठ्याच्या वेळी बोलावलेला चालत नाही. त्याच विभागाचा वॉर्डबॉय किंवा ट्रायलच्या पगारावरची नर्स निष्पक्ष ठरत नाही. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा शिकलेला नातेवाईक, रुग्णालयातला ट्रायलशी संबंध नसलेला समाजसेवक, अशी माणसं आधीच हेरून ठेवावी लागतात, ऐन वेळी मिळत नाहीत. नव्या रासायनिक घटकाच्या ट्रायलमध्ये असुरक्षित गटातले सहभागी असतील तर संमतीचं दृक्‌श्राव्य ध्वनिचित्रमुद्रण ठेवावं लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाजाचं मुद्रण. सरावाचंही मोबाइलवर मुद्रण करा आणि लगेच गटाला दाखवा. सहभागी किती वाक्यं बोलला आणि कोऑर्डिनेटर किती, एवढंच मोजायला सांगा.

तुमच्याकडे बायोइक्विव्हलन्सचे अभ्यास होत असतील तर पैशाचा विषय टाळू नका. नाक्यावर काम न मिळालेला तरुण इथे येतो तो पैशासाठी, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. चूक होते ती आपण पैसे कसे बांधतो यात. सगळी रक्कम शेवटच्या रक्तनमुन्यानंतर द्यायची ठरवली, तर दुसऱ्या दिवशी मळमळ आणि चक्कर येणारा माणूस ते लपवतो, कारण सांगितलं तर बाहेर काढतील आणि हात रिकामे राहतील. मग तुमचा सुरक्षिततेचा डेटाही खोटा होतो. त्यामुळे रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी, अभ्यासामुळे झालेल्या त्रासासाठी बाहेर काढलेल्याला पूर्ण द्यावी, स्वतःहून सोडणाऱ्याला झालेल्या भागाच्या प्रमाणात द्यावी, आणि स्क्रीनिंगमध्ये नापास झालेल्याला किमान प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाचे पैसे मिळावेत. हे वेळापत्रक एथिक्स कमिटीकडून (ट्रायलला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीकडून) मंजूर करून घ्यावं लागतं. एकाच माणसाने दोन केंद्रांवर पाठोपाठ नाव नोंदवण्याचं मूळही इथेच असतं. दोन अभ्यासांमध्ये साधारण तीन महिन्यांचं अंतर ठेवायची पद्धत आहे, पण ठाण्यात एक नाव आणि पनवेलमध्ये दुसरं, असं होऊ शकतं. कोपराच्या आतल्या सुईच्या ताज्या खुणा पाहायला आणि हिमोग्लोबिन आधीच्या नोंदीशी ताडून पाहायला रक्त काढणाऱ्या फ्लेबोटॉमिस्टला शिकवा. सापडलेल्या माणसाला ओरडून हाकलू नका. चारचौघांत त्याचा अपमान केला तर पुढच्या वेळी तो खुणा लपवायला शिकून येईल.

गंभीर दुष्परिणामाच्या वेळा सगळ्यांना पाठ असतात : संशोधकाने घटनेपासून २४ तासांत केंद्रीय परवाना प्राधिकरण, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी यांना कळवायचं, आणि सविस्तर विश्लेषण १४ दिवसांत. पाठ नसतं ते हे की, रात्री अकरा वाजता वाशीच्या एखाद्या खासगी रुग्णालयात दाखल झालेल्या सहभागीच्या डिपॉझिटचे पैसे कोण भरणार. औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे इजा झालेल्याला वैद्यकीय उपचार विनामूल्य द्यायचे असतात, आणि संशोधकाच्या मते गरज असेपर्यंत किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर ते चालू ठेवावे लागतात. गटाला हा प्रसंग देऊन विचारा : आत्ता, या क्षणी, फोन कुणाला लावाल? त्या माणसाला रक्कम मंजूर करायचा अधिकार आहे का? सुट्टीच्या दिवशी कोण? उत्तर तीन मिनिटांत मिळालं नाही तर दोष एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) आहे. सहभागीच्या कार्डावर मराठी आणि हिंदीत एक नाव आणि रात्रीही उचलला जाणारा नंबर असलाच पाहिजे.

याच नियमांतलं नुकसानभरपाईचं सूत्रही फळ्यावर सोडवून घ्या. मृत्यूच्या बाबतीत मूळ रक्कम ८ लाख, तिला वयाच्या गुणकाने आणि जोखमीच्या गुणकाने गुणायचं आणि ९९.३७ ने भागायचं. जोखमीचा गुणक सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची शक्यता नसलेल्या रुग्णासाठी ०.५ आणि निरोगी स्वयंसेवकासाठी ४ आहे. तीस वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकाचा वयाचा गुणक २०७.९८, म्हणजे रक्कम सुमारे ६७ लाख होते. पासष्ट वर्षांच्या, जोखमीचा गुणक ०.५ असलेल्या रुग्णासाठी वयाचा गुणक ९९.३७ असतो आणि रक्कम ४ लाखांवर येते. हा फरक पाहून गट अस्वस्थ होतो आणि व्हायलाच हवा. निरोगी माणसाला ट्रायलपासून वैद्यकीय लाभ काहीच नव्हता आणि आजारातून येणारी जोखीमही नव्हती, हे कारण गटाला स्वतः शोधू द्या. ते पटतं का यावर वाद होऊ द्या. इथे घाईने उत्तर देऊ नका, ही पंधरा मिनिटं कामाची असतात. त्याच ओघात ‘संबंध नाही’ हा शेरा मारायचा मोह कुठून येतो हेही निघतं. शेरा मारणाऱ्याला रक्कम माहीत असते.

फार्माकोव्हिजिलन्सचं शिक्षण फक्त त्या विभागाला देऊन भागत नाही. रिसेप्शनवर फोन घेणारी व्यक्ती, कंपनीचं सोशल मीडिया पाहणारा, गोदामातला सुपरवायझर, सगळ्यांना वीस मिनिटांचं सत्र द्या. त्यात चारच गोष्टी : ओळखता येईल असा रुग्ण, सांगणारी व्यक्ती, संशयित औषध आणि झालेला त्रास. ही चार मिळाली की ती केस आहे, मग सांगणाऱ्याने ती तक्रार म्हणून सांगितली असो वा गप्पांत. कंपनीच्या कोणत्याही माणसाला हे पहिल्यांदा कळलं तो दिवस शून्य. डोंबिवलीच्या दवाखान्यात एमआरने सोमवारी ऐकलं आणि शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सांगितलं, तर मोजणी सोमवारपासून. गंभीर आणि अनपेक्षित प्रतिक्रिया १५ दिवसांत कळवायच्या असतात, त्यातले चार तिथेच गेले. ‘औषधामुळेच झालं कशावरून?’ हे ठरवणं एमआरचं काम नाही, हे वाक्य त्याला तोंडपाठ हवं.

एमआर मंडळींसाठी भाषण अजिबात नको. तुमचीच व्हिज्युअल एड (डॉक्टरांना दाखवायची औषधांची माहितीपुस्तिका) समोर ठेवा आणि लाल पेन द्या. केंद्र सरकारच्या मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेनुसार ‘सुरक्षित’ हा शब्द बिनशर्त वापरता येत नाही, दुष्परिणाम नाहीत असं म्हणता येत नाही, आणि भारतात वर्षभराहून जास्त उपलब्ध असलेल्या औषधाला ‘नवं’ म्हणता येत नाही. सॅम्पलचं पाकीट तीन रुग्णांच्या पूर्ण कोर्सपेक्षा मोठं नको, आणि एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला बाराहून जास्त पाकिटं नकोत. डॉक्टरांना द्यायची माहितीपर वस्तू हजार रुपयांच्या आत. डॉक्टर किंवा त्यांच्या कुटुंबासाठी भेटवस्तू नाही. हे सांगून झालं की खरा विषय काढा : टार्गेट. महिन्याच्या पंचवीस तारखेला टार्गेट अपुरं असताना एरिया मॅनेजरचा फोन येतो, तेव्हा संहिता कुठे जाते? याचं उत्तर एमआरकडे नसतं, विक्रीप्रमुखाकडे असतं. म्हणून त्यांना त्या सत्रात शेवटची वीस मिनिटं बसवा, आणि ‘संहिता पाळून टार्गेट हुकलं तर त्याबद्दल कारवाई नाही’ हे त्यांच्या तोंडून वदवून घ्या. ते म्हणायला तयार नसतील तर निदान तुम्हाला खरी परिस्थिती कळेल.

क्यूसी आणि उत्पादनातल्या लोकांना वाटतं, बायोएथिक्स म्हणजे ट्रायलवाल्यांचा विषय. त्यांना १९८६ ची मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाची घटना सांगा. उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं, चौदा रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उघडी केली. इथून तासाभराच्या अंतरावर घडलेली ही गोष्ट आहे, आणि नव्या पिढीतल्या बऱ्याच केमिस्टना ती माहीत नसते. २०२२ मध्ये गॅम्बियातल्या मुलांच्या सिरपच्या प्रकरणात हेच रसायन पुन्हा आलं. गटाला विचारायचं ते असं : तुमच्याकडे ग्लिसरीन किंवा प्रॉपिलिन ग्लायकॉलची दहा पिंपं आली, तर प्रत्येक पिंपाची तपासणी होते का, की एका पिंपाच्या नमुन्यावर आणि पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर भागवलं जातं? मर्यादेबाहेरचा निकाल आल्यावर कारण न शोधता पास होईपर्यंत तपासणी करत राहणं, तपासणीच्या यंत्रात नमुना सोडल्याची (इंजेक्शनची) वेळ मागची घालणं, ट्रायल इंजेक्शनच्या (यंत्राच्या आधीच्या चाचपणीच्या) नावाखाली नको असलेला निकाल बाजूला टाकणं, या गोष्टींना प्रयोगशाळेत सौम्य नावं असतात. त्या प्रत्येकीच्या पुढे ‘हे सिरप कोण पिणार’ एवढं लिहायला सांगा.

बाहेरचा वक्ता बोलवायचा असेल तर एक सावधगिरी. तुमचे प्रोटोकॉल ज्या एथिक्स कमिटीकडे जातात तिच्या सदस्यांना मानधन देऊन बोलावू नका, कितीही चांगले असले तरी. उद्या त्यांच्यासमोर तुमची फाइल असणार आहे. एकाच मोठ्या नावापेक्षा तिघं छोट्या वेळासाठी बरे : एक फार्माकॉलॉजीचे प्राध्यापक, एक वकील, आणि कोणत्याही कमिटीवर सामान्य नागरिक म्हणून बसलेली व्यक्ती. सात सदस्यांच्या किमान कमिटीत सामान्य नागरिकाची जागा नियमाने असते, आणि समोरच्या कागदातलं काय कळत नाही हे बिनसंकोच सांगणारी व्यक्ती तुमच्या लोकांनी ऐकायला हवी.

आता चाचणी. वीस प्रश्नांची चाचणी घ्यायची तर घ्या, फाइलला लागते. पण ट्रेनिंग उतरलं का, हे तिच्यावरून कळत नाही. तीन महिन्यांनी या नोंदी पाहा : संमती प्रक्रियेला लागलेला वेळ वाढला का, किती जणांनी ऐकून घेऊन नकार दिला, उलट विचारलेल्या सहा प्रश्नांत किती जणांना परत समजवावं लागलं, फील्डवरून येणाऱ्या दुष्परिणामांच्या केसेस वाढल्या का. एखाद्या केंद्रावर पन्नासपैकी पन्नास जणांनी होकार दिला असेल तर अभिनंदनाचा मेल पाठवण्याआधी तिथे जाऊन बसा. आकडे सुरुवातीला ‘वाईट’ दिसतील, कारण जे दडलेलं होतं ते नोंदवलं जाऊ लागेल. हे व्यवस्थापनाला आधीच लेखी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच तिमाहीत तुमच्याकडे जाब मागतील.

आणि थांबण्याचा अधिकार कागदावर आणा. एसओपीत एवढं हवं : कोणताही कर्मचारी सहभागी किंवा रुग्णाच्या सुरक्षिततेच्या शंकेवरून ते काम थांबवू शकतो, शंका आपल्या वरिष्ठांच्या साखळीबाहेरच्या एका नेमलेल्या व्यक्तीकडे, शक्यतो क्यूएकडे, लेखी जाते, दोन कामाच्या दिवसांत लेखी उत्तर मिळतं, शंका निराधार निघाली तरी अप्रेझलमध्ये तिचा उल्लेख येत नाही. हे पान मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या बैठकीच्या आधीच हालचाल सुरू करा. चौथ्या बैठकीला प्रत्येकाने स्वतःच्या कामातला एक प्रसंग, नावं काढून, अर्ध्या पानावर लिहून आणायचा असतो. पान मंजूर झालेलं नसेल तर त्या दिवशी कोरे कागद येतात.

मार्चपर्यंतचा वेळ पाहता, या आठवड्यात मागच्या वर्षातले तीन डेव्हिएशन रिपोर्ट (ठरलेली पद्धत मोडल्याच्या नोंदी) आणि एक सध्याचं संमतीपत्र काढून ठेवा. विभागप्रमुखांचं सत्र पुढच्या पंधरवड्यात लावा. तुमच्याकडे बायोइक्विव्हलन्सचं युनिट आहे का, आणि फील्ड फोर्स स्वतःचा की कंत्राटी, हे कळवलंत तर विभागवार बैठकांचे प्रसंग आणि निरीक्षकाचा तक्ता तुमच्या कामाला बसतील असे लिहून देईन. कंत्राटी एमआर असतील तर एजन्सीच्या करारात ट्रेनिंगची आणि दुष्परिणाम कळवण्याची अट आहे का, तेवढं आधी पाहून घ्या.